क्षयाचा जंतू गप्प कसा बसतो?

(१९९५च्या दहावीच्या बॅचच्या मेळाव्यात केलेलं भाषण. अंकासाठी लिहून काढताना वेळेअभावी सभागृहात गाळलेला भाग परत घातला आहे.)



मेळाव्याच्या समितीचा मला निरोप होता, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर वीस मिनिटं बोल." मी हो म्हटलं आणि पुढचे दोन आठवडे मला काहीच सुचेना. एआयबद्दल तुम्हाला व्हॉट्सॲपवर रोज इतकं वाचायला मिळतं की त्यात मी काय भर घालणार? शिवाय माझं रोजचं काम म्हणजे एका संगणकातली माहिती दुसऱ्या संगणकात बिनचूक पोचते की नाही एवढं बघणं. म्हणून समितीकडून विषय बदलून घेतला. मी आज टीबीच्या जंतूबद्दल बोलणार आहे. जेवणाआधी हा विषय, त्याबद्दल आधीच माफी मागते.

कारण सांगून टाकते. २०१८ साली मला टीबी झाला होता, फुप्फुसांचा. ग्रुपवर मी तेव्हा "पाठीचं दुखणं" असं कळवलं होतं, आणि तुमच्यातल्या तिघींनी मला मुलुंडमधल्या चांगल्या फिजिओथेरपिस्टचे नंबर पाठवले होते. त्या तिघींचीही आज जाहीर माफी.

तेव्हा माझं ऑफिस अंधेरीला होतं. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रो, आणि मग दिवसभर एसी. खोकला दोन महिने होता, पण मुंबईत खोकला कोणाला नसतो? संध्याकाळी अंग कोमट लागायचं, तेही मी दमणुकीवर ढकललं. वजन पाच किलोनं कमी झालं तेव्हा तर, खरं सांगते, मला आनंदच झाला होता. मग एक्स-रे, थुंकीची तपासणी, आणि ती सीबीनॅट नावाची चाचणी. ही चाचणी दोनेक तासांत जंतू आहे की नाही आणि तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईल की नाही, दोन्ही सांगते. माझा देणारा निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

चार दिवसांनी महापालिकेच्या आरोग्यसेविका घरी आल्या. खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करावी लागते, त्यावरून त्यांना पत्ता मिळाला होता. त्यांनी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीलाही सहा महिने गोळी द्यावी लागेल." मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि सोफ्यावरून उड्या मारत होती. मी जरा चिडूनच विचारलं, "तिला काही झालेलं नाही, मग गोळी कशाला?" त्या शांतपणे म्हणाल्या, "झालेलं नाही ताई. पण जंतू आत जाऊन गप्प बसला असेल तर?"

ते "गप्प बसला असेल" माझ्या डोक्यात राहिलं. आमच्या धंद्यात सगळ्यात त्रासदायक चूक तीच असते, जी आज काहीच करत नाही. बंद पडलेला प्रोग्रॅम सापडतो. चालू आहे, जागा अडवून बसला आहे, पण वर काहीच दिसत नाही, असा प्रोग्रॅम शोधताना माणूस रडकुंडीला येतो. सहा महिने घरी होते, गोळ्यांनी मळमळायचं, झोप यायची नाही. तेव्हा मी या जंतूबद्दल वाचायला लागले. मी डॉक्टर नाही आणि जीवशास्त्रात दहावीनंतर माझा संबंध सुटला होता. शास्त्राच्या बाई पहिल्या रांगेत आहेत. बाई, चुकलं तर नेहमीसारखं मध्येच थांबवा.

पहिली गोष्ट मी माझ्या सवयीनं शोधली ती म्हणजे हा प्रोग्रॅम किती मोठा आहे. टीबीच्या जंतूचा संपूर्ण डीएनए १९९८ साली वाचून झाला. इंग्लंडमधलं सँगर सेंटर आणि पॅरिसची पाश्चर संस्था यांनी मिळून ते काम केलं. त्यात ४४ लाख ११ हजारांहून थोडी जास्त अक्षरं आहेत आणि जनुकं साधारण चार हजार. डीएनएमध्ये अक्षरं चारच प्रकारची, म्हणजे एका अक्षराला दोन बिट पुरतात. हिशेब केला तर सगळं मिळून ११ लाख बाइट होतात. आपल्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून आपण ज्या फ्लॉप्या जपून हाताळायचो, त्यातल्या १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर टीबीचा अख्खा जंतू मावतो आणि वर जागा उरते. १९९८ साली मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षात जात होते आणि पिशवीत तसल्या दहा फ्लॉप्या घेऊन फिरत होते.

या एवढ्याशा मजकुरानं काय केलंय बघा. कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती, तेव्हा क्षयानं गेल्या. त्याच्या पाचच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ला, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये हा जंतू लोकांपुढे मांडला होता. जंतू सापडला, पण त्याच्यावर खरोखर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळायला १९४३ साल उजाडलं.

आता गंमत अशी की या जंतूकडे कॉलऱ्यासारखं माणसाला काही तासांत आडवं करणारं विष नाही. तो वाढतोही फार हळू. आपल्या आतड्यातला साधा ई. कोलाय चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला जवळजवळ एक दिवस लागतो. मग तो एवढा भारी का पडतो? मला जे समजलं ते असं: त्याची ताकद त्याच्याकडे काय आहे यापेक्षा, त्यातलं कुठलं कधी बाहेर काढायचं आणि कधी गुंडाळून ठेवायचं, यात आहे. चार हजार जनुकं आहेत, पण ती सगळी एका वेळी चालू नसतात.

हे समजावायला मला आपली शाळाच बरी वाटते. मुख्याध्यापकांच्या ऑफिसातलं ते जाडजूड रजिस्टर आठवतं? ते कपाटातून कधी वर्गात आलं नाही. त्यातला हवा तेवढा मजकूर नोटीशीच्या वहीत उतरवला जायचा, शिपाईकाका ती वही घेऊन वर्गावर्गात फिरायचे, बाई वाचून दाखवायच्या आणि मग त्याप्रमाणे रांगा लागायच्या, फिया भरल्या जायच्या. पेशीतही तसंच आहे. डीएनए हे रजिस्टर. त्यातल्या एका जनुकाची जी नक्कल निघते ती संदेशवाहक आरएनए, म्हणजे नोटीस. ती वाचून प्रथिन तयार करणारं यंत्र म्हणजे रायबोसोम, आपल्या बाई. प्रथिनं हीच प्रत्यक्ष काम करणारी मंडळी. फरक एवढाच की पेशीतली नोटीस काही मिनिटांतच फाडून टाकली जाते, म्हणून हवी असेल तर परत परत काढावी लागते.

म्हणजे जंतूला वागणं बदलायचं असेल तर दोन जागा आहेत. एक, नोटीस काढायची की नाही हे ऑफिसातच ठरवायचं. दोन, काढलेली नोटीस वाचू द्यायची की नाही हे वाटेत ठरवायचं.

पहिल्या जागेपासून सुरू करते. तिथे ठरवणारी प्रथिनं असतात, ती डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसतात आणि नक्कल काढायला लावतात किंवा अडवतात. टीबीच्या जंतूत अशा अकरा जोड्या आहेत की ज्यातलं एक प्रथिन बाहेरची परिस्थिती हुंगतं आणि दुसऱ्याला कळवतं, मग ते दुसरं डीएनएवर जाऊन कामाला लागतं. त्यातल्या दोनच जोड्यांबद्दल सांगते.

एक जोडी आपल्या देशात सापडली आहे. १९०५ साली अमेरिकेतल्या सारानॅक लेक इथल्या आरोग्यधामात एकोणीस वर्षांच्या एका रुग्णाच्या थुंकीतून टीबीचा जंतू वेगळा काढला गेला. त्याला नाव मिळालं एच ३७. पुढे १९३४च्या सुमारास तिथल्याच विल्यम स्टीनकेन यांना त्याच वंशातून दोन प्रकार मिळाले. एक रोग करणारा, एच ३७ आरव्ही. दुसरा प्रयोगाच्या प्राण्यांत रोग न करणारा, एच ३७ आरए. दोघे सख्खे भाऊ, एक गुंड आणि एक गरीब. जगभरच्या प्रयोगशाळांत हे दोघे आजही वापरले जातात. दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या प्रयोगशाळेनं १९९०च्या दशकात या दोन भावांच्या नोटीशी शेजारी ठेवून वजाबाकी केली: गुंडात कुठल्या निघतात आणि गरिबात निघत नाहीत? आम्ही दोन फायलींचा "डिफ" काढतो तेच, फक्त परीक्षानळ्यांत आणि कित्येक महिने खपून. त्या शोधात जी जोडी हाती लागली तिला त्यांनी देवआर आणि देवएस अशी नावं दिली. नंतर परदेशातल्या शास्त्रज्ञांनी त्याच देवआरला डॉसआर हे नाव दिलं आणि पुस्तकांत ते जास्त रूढ झालं. मला त्याचं जरा वाईट वाटतं, पण असो.

ही जोडी ऑक्सिजन कमी होण्यावर नजर ठेवते. जंतू फुप्फुसात गेला की आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, त्याच्याभोवती गोळा होतात आणि गाठीसारखा कोट बांधतात. आत ऑक्सिजन कमी पडतो, शिवाय आपल्या पेशी त्याच्यावर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. देवआरला हे कळलं की तो पन्नासएक जनुकांच्या नोटीशी एकदम काढायला लावतो. वाढ थांबते, खर्च कमी होतो, जंतू टिकून राहतो. घरातली कमाई बंद झाल्यावर आई कशी आधी केबल बंद करते, मग बाहेरचं खाणं, पण गॅस आणि दूध चालू ठेवते, तसं.

लॉरेन्स वेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९९६ मध्ये याचा एक साधा प्रयोग मांडला होता, तो मला फार आवडला. त्यानं जंतू बंद नळीत ठेवले, हळूहळू ढवळत. आतला ऑक्सिजन जंतू स्वतःच वापरून संपवत होते. असा हळूहळू कमी होत गेला तर ते वाढ थांबवून तग धरत आणि हवा परत मिळाली की पुन्हा वाढायला लागत. पण एकदम ऑक्सिजन तोडला तर मरत. म्हणजे टिकण्यासाठी तयारीला वेळ लागतो. तो वेळ मिळाला की मग त्याला हलवणं कठीण.

दुसरी जोडी फोपी आणि फोआर. तो जो गरीब भाऊ आरए, त्याच्या फोपीमध्ये एका जागी एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. ४४ लाख अक्षरांतलं एक अक्षर. दोघांत आणखीही फरक आहेत, सगळं श्रेय या एकाला देता येणार नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे. फोपी धड नसल्यामुळे इसॅट-६ नावाचं प्रथिन बाहेर सोडलं जात नाही, आणि आपल्या पेशीनं गिळल्यावर ज्या पिशवीत कोंडलेलं असतं ती फोडायला जंतूला तेच लागतं. प्रोग्रॅमचं मुख्य काम जिथल्या तिथे आहे, एका सेटिंगमध्ये एक अक्षर चुकलं आहे आणि गुंडाची हत्यारं कपाटातच पडून आहेत. मी ऑफिसात असली चूक केली होती तेव्हा रात्री दोनपर्यंत बसावं लागलं होतं. जंतूच्या बाबतीत मात्र माझी तक्रार नाही.

आता दुसरी जागा, वाटेतली. इथे येतात छोटे आरएनए. यांच्यापासून बहुतेक वेळा प्रथिन बनतच नाही. पन्नास ते दोनशेच्या आसपास अक्षरांचे तुकडे. पूर्वी हे मोडतोडीतले तुकडे समजून सोडून दिले जात. पण यातल्या एखाद्याची अक्षरं दुसऱ्या एखाद्या नोटीशीशी जुळतात आणि तो तिला जाऊन चिकटतो. नोटीशीच्या पहिल्याच ओळीवर चिकटपट्टी लावली तर बाई वाचणार काय? कधी चिकटल्यामुळे नोटीस लवकर फाडली जाते, कधी उलट जास्त वेळ टिकते. नवं प्रथिन बनवण्यापेक्षा असा तुकडा बनवणं स्वस्त आणि झटपट. परिस्थिती मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या जंतूला दुसरं काय हवं?

कॉलऱ्याच्या जंतूत हे फार स्पष्ट दिसतं. २००४ साली प्रिन्स्टनमध्ये बॉनी बासलर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की त्याच्याकडे असे चार छोटे आरएनए आहेत. जंतू थोडे असतात तेव्हा हे चौघे चालू असतात, ते एका नियंत्रकाची नोटीस दाबून ठेवतात आणि त्यामुळे रोग करणारी यंत्रणा चालू राहते. जंतूंची गर्दी वाढली की चौघे बंद होतात, नियंत्रक बनतो, आणि हल्ला आवरता घेऊन आतड्यातून बाहेर पडायची तयारी सुरू होते. विरार लोकलमध्ये बोरिवलीला उतरायचं असेल तर किती आधी दाराकडे सरकायचं हे गर्दीच ठरवते, तसाच प्रकार.

टीबीच्या जंतूत छोटे आरएनए असतात हे लंडनमधल्या क्रिस्टीन आर्नविग आणि डग्लस यंग यांनी २००९ मध्ये दाखवलं, पहिले नऊ. दोन वर्षांनी त्यांनाच असे काही छोटे आरएनए, टीबी झालेल्या उंदरांच्या फुप्फुसात, नळीतल्यापेक्षा कितीतरी जास्त सापडले. पुढे त्यातला एक, डीआरआरएस, देवआरच्याच हुकमाखाली असल्याचं कळलं. म्हणजे गप्प बसण्याच्या तयारीत ऑफिसातला साहेब आणि वाटेतली चिकटपट्टी दोघंही सामील. फोपीच्या हाताखालीही एक आहे, एमसीआर ७. फोपी त्याला चालू करतो आणि तो जाऊन जंतूच्या बाहेर माल पाठवणाऱ्या एका दरवाजाच्या नोटीशीवर बसतो, त्यामुळे कुठली प्रथिनं बाहेर जाणार हे बदलतं. हे स्पेनमधल्या सारागोसाच्या लोकांनी २०१४ मध्ये दाखवलं. आणखी एक आहे, एमआरएसआय. लोह कमी पडलं की तो लोह खाणाऱ्या कामांच्या नोटीशी दाबतो. पण तो लोह संपायच्या आधी, दुसरा कुठला मार बसला तरी चालू होतो. एक संकट आलं म्हणजे दुसरंही मागून येणार, असं धरून चालतो. माझी सासू पावसाळ्याच्या आधी मेणबत्त्या, काडेपेट्या आणून ठेवते, त्याची आठवण झाली.

यात एक कोडं आहे. इतर बऱ्याच जंतूंत ही चिकटपट्टी नीट लावून देणारं एचएफक्यू नावाचं मदतनीस प्रथिन असतं. टीबीच्या जंतूत ते नाही. मग त्याचं काम कोण करतं, की कोणाची गरजच पडत नाही, यावर अजून शोध चालू आहे. आपल्या मुलांपैकी कोणी बारावीनंतर काय करू म्हणून विचारत असेल तर हे काम मोकळं आहे.

सारागोसाच्या त्याच लोकांनी आणखी एक गोष्ट केली आहे. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा गोल वण आहे. बीसीजी हा गायींच्या टीबीचा जंतू, काल्मेट आणि गेरँ यांनी तेरा वर्षांत २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवून नरम केलेला, १९२१ पासून माणसांना दिलेला. लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारापासून ती लस वाचवते, पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीत तिचा भरवसा धरता येत नाही. सारागोसाच्या मंडळींनी माणसाचाच टीबीचा जंतू घेतला आणि त्यातला फोपी मुद्दाम काढून टाकला, शिवाय आणखी एक जनुक. गरीब भाऊ चुकून झाला, हा ठरवून केलेला. एमटीबीव्हॅक असं त्या लसीचं नाव. भारतात २०२४ मध्ये भारत बायोटेकनं प्रौढांवर तिच्या चाचण्या सुरू केल्या. यश येईल की नाही ते निकाल लागल्यावर कळेल.

आता गोळ्यांचं. आयसोनियाझिड, जी माझ्या मुलीला दिली, ती जंतूची भिंत बांधायचं काम अडवते. जो भिंत बांधतच नाही, गप्प बसला आहे, त्याच्यावर तिचा जोर कमी. म्हणून आजारी माणसाला एक औषध पुरत नाही, आधी दोन महिने चार औषधं आणि मग चार महिने कमी, असं चालतं. मला महिन्याभरात बरं वाटायला लागलं होतं. खोकला गेला, भूक लागली. गोळ्या सोडणारे बरेच जण इथेच सोडतात, कारण जागे होते ते मेलेले असतात आणि उरतात ते गप्प बसलेले. माझ्या कपाटावर मी कॅलेंडर लावून रोज एक फुली मारत होते. तिसऱ्या महिन्यात एकदा चार दिवस सोडल्याही. हे मी डॉक्टरांना सांगितलं, घरी नाही. आज घरचे समोर बसले आहेत. आपल्या शहरात औषधांना न जुमानणारा टीबी किती आहे हे हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उडवाडिया यांनी २०११च्या शेवटी चार रुग्णांची हकीकत छापली तेव्हा जगभर पोचलं. ते वाचल्यावर मी पाचवा दिवस सोडला नाही.

थोडा हिशेब आपल्या हॉलचा. २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीची पाहणी झाली, त्यात पंधरा वर्षांवरच्या लोकांत साधारण ३१ टक्क्यांच्या शरीरात या जंतूचा संसर्ग झाल्याची खूण सापडली. आज आपण इथे ऐंशीच्या आसपास आहोत. म्हणजे पंचवीस जण. लगेच शेजाऱ्याकडे बघू नका. यातल्या दर शंभरांत पाच ते दहाच जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. कोण पडणार हे जंतूपेक्षा आपल्यावर जास्त ठरतं: पोटाला नीट मिळतं का, एचआयव्ही आहे का, स्टेरॉइड चालू आहेत का, आणि मधुमेह. मधुमेह असेल तर धोका दुप्पट-तिप्पट होतो. ग्रुपवर सकाळी "गुड मॉर्निंग"च्या खाली ज्यांच्या शुगरचे आकडे असतात, त्यांनी दोन आठवड्यांवरचा खोकला "मुंबईची हवा" म्हणून सोडून देऊ नये, एवढंच.

आणि घर. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसनाच्या इमारतींचा आयआयटी मुंबई आणि डॉक्टर्स फॉर यू यांनी मिळून अभ्यास केला होता. इमारती इतक्या जवळजवळ की खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि तिथेच टीबी जास्त. टीबी हवेतून पसरतो. ताटातून नाही, पेल्यातून नाही.

इथे मला नववीच्या वर्गात जायचं आहे. सभागृहात बोलताना हा भाग मी थोडक्यात उरकला होता.

आपल्या वर्गातली एक मुलगी गणपतीनंतर शाळेत येईनाशी झाली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली. तिला टीबी झाला होता हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. ती शेवटच्या बाकावर एकटी बसायची. तसं बसायला तिला कोणी सांगितलं ते मला आठवत नाही. बहुधा कोणीच नाही, आपणच सरकलो. औषध नीट सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत बहुतेकांकडून संसर्ग पसरणं थांबतं. म्हणजे ती परत आली तेव्हा तिच्यापासून कोणाला काही होण्यासारखं नव्हतं. आणि एलबीएस रोडच्या ट्रकांचा आवाज नको म्हणून वर्गाच्या खिडक्या आपण बंद ठेवायचो. ज्यातून धोका होता ते बंद, आणि ज्यातून नव्हता तिला बाजूला. मी तिच्या पुढच्याच बाकावर होते. मी वर्षभर एकदाही मागे वळून तिच्याशी बोलले नाही.

हे भाषण लिहिलं तेव्हा मी तिचा नंबर मिळवला आणि फोन केला. आधी माझ्या आजाराबद्दल सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याकडून का गं?"

मला वाटलं होतं ती मला चार शब्द सुनावेल. ते पचवायची मी तयारी केली होती. याची नव्हती. तिनं सांगितलं की दहावीनंतर वर्गातलं कोणी आजारी असल्याचं कानावर आलं की ती चौकशी करायची, कसला आजार आहे म्हणून. मेळाव्यांना न येण्याचं कारणही तेच.

मी तिला जे वाचलं होतं ते सांगितलं. जंतू वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो हे खरं. पण आजारी पडणारे बहुतेक जण संसर्ग झाल्यापासून पहिल्या दोनेक वर्षांत पडतात. मी आजारी पडले तेव्हा नववीला चोवीस-पंचवीस वर्षं झाली होती. मला तो मेट्रोत, ऑफिसात, लोकलच्या लेडीज डब्यात, कुठेही मिळाला असेल, शाळेतून असण्याची शक्यता फार थोडी. ती म्हणाली, "थोडी म्हणजे नाही असं नाही ना?" मी इंजिनियर, मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, दोघींचे जंतू जपून ठेवलेले असते तर अक्षरन् अक्षर शेजारी ठेवून सांगता आलं असतं. या जंतूत दोनेक वर्षांत एखादं अक्षर बदलतं. फरक किती अक्षरांचा आहे ते मोजलं की नातं कळतं. पण तुझा कोणी ठेवला नाही आणि माझाही नाही.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि हसली.

भाषणाचा मसुदा मी तिला पाठवला होता. तिनं एकच दुरुस्ती केली. मी लिहिलं होतं की तिचा डबा वेगळा ठेवायचे. तिनं उत्तर पाठवलं: डबा नाही, पाण्याची बाटली. डबा मी घरी जाऊन खायचे.

ती आज आली आहे. समिती जेवणासाठी खुणा करते आहे, तेव्हा थांबते.